पगडी ओळखू येईल इतकं अंतर

किनाऱ्याकिनाऱ्याने होडीतून एक दिवस निवांत फिरून यायचं, एवढाच बेत होता. होडी घरचीच होती. दशम्यांसाठी दूध सांगून ठेवलं होतं. तरीही त्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा माझगावच्या बंदरावर आमच्या नावाने रडणं सुरू झालं होतं. हे कसं झालं, ते नीट सांगितलेलं बरं, कारण आमच्या वाडीत याच्या तीन-चार निरनिराळ्या हकीगती फिरत आहेत आणि त्यांतल्या एकीत मी बुडाले आहे.

होडी अण्णांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गोदीच्या कारखान्यात नकाशे काढायचे. कुणा साहेबाची वाफेवर चालणारी खासगी होडी माझगावच्या चिखलात कुजत पडली होती. ती त्यांनी भंगाराच्या भावात उचलली आणि पुढची तीन वर्षं रविवारी त्यांना घरात कुणी पाहिलं नाही. दिवेलागणीला ते कोपरापर्यंत काळे होऊन परत येत. आई गरम पाण्याचं घंगाळ पुढे सरकवी आणि विचारी, "काय म्हणाली आज ती?" होडीला आईने 'ती' याखेरीज दुसरं नाव दिलं नाही. अण्णा म्हणत, "आज जरा खोकली," किंवा, "आज शिटी वाजवलीन." मग हात पुसता पुसता त्यांचं ठरलेलं वाक्य येई. "एकदा येऊन बस तर खरी. निवांत फिरवून आणतो." आणि आईचं ठरलेलं उत्तर, "सवतीच्या घरी मी बसायला जाऊ होय?"

हे ती झोपाळ्यावरून बोले. आई उंचीने एवढीशी. झोपाळ्यावर काय, खुर्चीवर काय, बसली की तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत राहत. अण्णा जाता जाता झोपाळ्याला बोट लावून हलकासा झोका देत, आणि ती पडत असल्यासारखी कडी धरून त्यांच्यावर डोळे वटारी.

आषाढात होडी पुरी झाली. श्रावणात अण्णा गेले.

माघात ठरलं की दौलतशेट नावाचे एक कंत्राटदार येत्या सोमवारी होडी घेऊन जाणार. त्यांना गोदीत मजूर पोचवायला ती हवी होती. आम्हाला चुलीपेक्षा मोठं काही पेटवता येत नव्हतं, तेव्हा देऊन टाकणंच शहाणपणाचं होतं. आईने मान हलवली. दोन दिवसांनी तांदूळ निवडता निवडता ती सुपाकडे बघून म्हणाली, "नेण्याआधी एकदा बसून पाहायचं होतं."

सहा महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. मधे एकच रविवार होता.

मी लगेच यजमानांच्या कानावर घातलं; आम्ही दोघं आईअण्णांपाशीच राहत होतो. त्यांचं नाव घेण्याची आमच्यात पद्धत नाही, म्हणून या हकीगतीत त्यांना 'स्वारी' म्हणते. स्वारीने होकार दिला आणि त्याच दमात स्वतः न येण्याचंही सांगितलं, कारण स्वारीला ट्राममध्येसुद्धा मळमळतं. परवान्याचं काम मात्र अंगावर घेतलं.

गिरगावातल्या वाडीत गुपित ठेवायला जागा अशी एकच, ती म्हणजे विहीर. आणि तिथे पहाटेपासून मीराबाई असतात. त्यांचं बिऱ्हाड आमच्या समोरचं. शनिवारी सकाळी त्यांनी घागर खाली ठेवली आणि मला अडवलं.

"अगो, वर्ष झालं नाही अजून, आणि आईला घेऊन जलविहार? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"कुणी नाही म्हटलं तर मी तरी म्हणेनच की!"

एवढं बोलून त्या थांबत्या तर बरं. पण त्यांनी प्रकरण माधवशास्त्र्यांकडे नेलं. माधवशास्त्री आमच्या वाडीचे धर्माधिकारी. नेमणूक त्यांची त्यांनीच केलेली. विलायतेला जाऊन आलेल्यांनी प्रायश्चित्त घ्यावं की नाही, यावर तेव्हा वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने येत होते. मी दोन्ही बाजूंचं सगळं वाचलं होतं. शास्त्रीबुवांनी एकाही बाजूचं वाचलं नव्हतं. साहजिकच निकाल त्यांच्याकडे गेला.

त्यांनी ओटीवर बसून बराच वेळ डोळे मिटले. मग म्हणाले, "किनारा दृष्टीआड झाला, तर ते समुद्रयान. दृष्टीत राहिला, तर ती नुसती ओली वाट."

"दृष्टीत म्हणजे किती?" मी विचारलं.

"काठावरच्या माणसाच्या डोक्याला पगडी आहे की पागोटं, हे होडीतून ओळखू आलं पाहिजे."

"आणि ते ओळखायचं कुणी?"

"म्हणजे आता मला यावंच लागणार," ते मोठ्या नाखुशीने म्हणाले. पण उपरण्याच्या टोकाशी त्यांचा हात चाळा करत होता, आणि आगबोटीत पाऊल टाकायची त्यांची हौस बालपणापासूनची आहे, हे त्यांच्या कुटुंबाकडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वाडीला आणखीही एक गोष्ट माहीत होती. शास्त्रीबुवा पहाटे परसात जात तेव्हा तुळशीवृंदावनाला "कोण उभं आहे?" असं विचारत. परंतु निकाल देणाऱ्याच्या डोळ्यांविषयी बोलायचं कसं?

तिकडे बंदरावरच्या एका कचेरीत स्वारीची वेगळीच परीक्षा चालली होती. परवाना अण्णांच्या नावावर. कारकून म्हणाला, "मालकांना येऊ द्या."

"ते वारले."

"असं? मग कधी येतील?"

हा प्रश्न मिटेपर्यंत दुपार झाली. मग प्रवासाचं कारण निघालं. कारकुनापाशी कारणं ठरलेली होती. उतारू, माल, मासे. 'निवांत बसणे' हे कारण त्याच्या नोकरीत आजवर कुणी दिलं नव्हतं. शेवटी "बॉयलरची चाचणी" असं लिहून सुटका झाली, तर होडीचं नाव विचारलं. अण्णांनी नाव ठेवलंच नव्हतं. स्वारीने घाम पुसत "निनावी" म्हटलं. कारकुनाने ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि नाव छान आहे, बंगाली आहे का, असंही विचारलं.

रविवारी सकाळी भाड्याच्या गाडीतून आम्ही माझगावला पोचलो. आई, मी, शास्त्रीबुवा, स्वारी, दशम्यांचा डबा आणि सोवळ्याच्या पाण्याने भरलेली तांब्याची मोठी घागर. घागरीला शिवायचं नाही, असं आईने गाडीवानाला दोनदा बजावलं. होडीवर दोघे होते. धर्मा तांडेल वरळीच्या कोळीवाड्यातला. अण्णांच्या चाचणीच्या फेऱ्यांना सुकाणू तोच धरी. लवू परळच्या गिरणीत बॉयलरवर कामाला होता. रविवार त्याचाही याच होडीत जाई. दोघांनी आईला पाहिलं आणि डोक्यावरचं काढून हातात घेतलं. लवूने उगाचच पितळी नळी पुसली.

"बेत काय?" धर्माने विचारलं.

"शिवडीच्या किल्ल्यावरून तुर्भ्यापर्यंत जायचं, सावलीला फराळ करायचा आणि परत. निवांत," मी म्हटलं.

"पगडी ओळखू येईल इतक्या अंतरावरून," शास्त्रीबुवा म्हणाले.

धर्माने माझ्याकडे पाहिलं. मी अट समजावून सांगितली. त्याने काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमची वरळीची बाजू सगळी खडक. दिसतो तरी. हितं चिखल हाय, बाय. खाली किती हाय ते देवालाच ठाव. पन अण्णासायबांची होडी हाय, जाऊ."

स्वारी छत्री उघडून बंदरावरच थांबली.

होडीच्या मागच्या अंगाला कापडी छताखाली एकच चांगलं बाक होतं. पाठीला टेकू, बसायला विणलेली वेताची चौकट. किनारा न्याहाळण्याची जबाबदारी असल्यामुळे ते शास्त्रीबुवांनी घेतलं. बसले मात्र, आणि त्यांचे गुडघे हनुवटीला येऊन भिडले.

"हे बाक आहे की पाट? कोणत्या शहाण्याने केलं हे?"

लवूने तोंड फिरवून भट्टीत कोळसा टाकला. आई म्हणाली, "मी आपली खालीच बसते," आणि चटई पसरून, आलवणाचा पदर आवरून, तळाशी अंग चोरून बसली. मी तिला दोनदा होडीच्या कडेवर माझ्यापाशी टेकायला सांगितलं. ती नुसतीच इकडे बघे, तिकडे बघे. दोऱ्या, चाकं, नळ्या. कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा जावं आणि मालकीण बाहेर गेलेली असावी, तसं तिचं चाललं होतं. मलाही स्वस्थ बसवेना. निवांतपणा सुरू होऊन अर्धा तास झाला होता आणि तो अजून कुणालाही सापडला नव्हता.

माझगाव मागे पडलं. वखारी सरल्या. शास्त्रीबुवा कपाळाला हात लावून ओरडले, "तांडेल! दिसत नाही. जवळ घे!"

धर्माने जवळ घेतली.

"आणखी जवळ!"

"जवळ नको, शास्त्रीबुवा. पानी उतरतंय."

"मला पगडी दिसत नाही!"

"मानूसच नाय थितं! झाडं हायेत ती!"

हे खरं होतं. शिवडीच्या काठाला तिवरांखेरीज काही नव्हतं, आणि रविवारी सकाळी पगडी घालून तिवरात कोण उभा राहणार? पण निकाल तो निकाल. माणूस नसेल तर ओळखायचं काय, हा मुद्दा निकाल देताना कुणीच काढला नव्हता. मीही नाही, एवढं वाचून. अर्ध्या तासाने शास्त्रीबुवा आनंदाने अर्धवट उठले आणि छताला डोकं आपटून पुन्हा बसले.

"ती पाहा! पांढरी पगडी! त्या पगडीच्या रोखाने घे!"

धर्माने कपाळावर हात मारला आणि घेतली. आम्ही खूप जवळ गेलो. तेव्हा पगडीने मान लांब केली, पंख पसरले आणि ती तुर्भ्याच्या दिशेने निघून गेली.

"पगडी उडाली," चटईवरून आई म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिचा चेहरा तसाच गंभीर होता. पण सहा महिन्यांत तिने कुणाची थट्टा केली नव्हती. मी हसणार, इतक्यात होडी थांबली. धक्का नाही, आवाज नाही. कुणी अलगद मांडीवर घ्यावं, तशी चिखलाने आम्हाला घेतली.

धर्माने बांबू खुपसला. तो सरळ आत गेला आणि परत यायला तयार होईना. धर्मा म्हणाला, "झाला. आता भरती येईस्तवर हितंच. संध्याकाळ."

पाणी आमच्याभोवतून सरकत सरकत दूर गेलं. होडी एका कुशीवर कलली. लवूने घाईघाईने भट्टीतले निखारे ओढून काढले. होडी वाकडी असताना बॉयलर तापवणं धोक्याचं, असं तो म्हणाला. दशम्यांचा डबा घरंगळत जाऊन तेलकट पाण्यात बसला. तो तेवढा निवांत दिसला.

शास्त्रीबुवांना आता नवीन शंका आली. "आपण या क्षणी पाण्यावर आहोत की जमिनीवर?"

"दोन्हीवर नाही," मी म्हटलं.

"जमिनीवरच आहोत. आणि जमीन आहे तर चालत जाता येतं. माझी माध्यान्हसंध्या राहिली आहे." त्यांनी धोतर खोचलं, पगडी नीट बसवली आणि आम्ही नको नको म्हणत असताना पाऊल खाली टाकलं. वीस-पंचवीस पावलं ते मोठ्या रुबाबात गेले. प्रत्येक पावलाला थोडे थोडे कमी होत गेले. कमरेपर्यंत उरले तेव्हा थांबले.

धर्मा एक फळी घेऊन, तिच्यावर छाती टेकून, चिखलावरून घसरत त्यांच्यापाशी पोचला. सगळं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"शास्त्रीबुवा, माज्या खांद्याला धराल, का हितंच संध्या कराल?"

शास्त्रीबुवा आणखी चार बोटं खाली गेले. मग आवाज आला, "आपत्काल आहे. धरतो. पण वाडीत बोलू नकोस हो, बाबा."

"माजं काय काम तुमच्या वाडीत? पगडी सांभाळा."

ते दोघं काठाकडे सरकत असताना कललेल्या बाजूचं पाणी आईच्या चटईला लागलं. ती उठली. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती. एका हाताने छताची दांडी धरून ती रिकाम्या बाकापाशी गेली आणि अवघडून बसली.

तिचे पाय खाली टेकले. दोन्ही. पूर्ण.

तिने पायांकडे पाहिलं. पाय जरा उचलले, पुन्हा टेकवले. मग पाठ मागे नेली; टेकू बरोबर जिथे हवा तिथे होता.

"हे मेलं कुणी एवढं ठेंगणं करून घेतलं?" तिने विचारलं. आवाज नेहमीचा होता.

लवू निखाऱ्यांवर पाणी शिंपडत होता. वर न बघता म्हणाला, "अण्णासायबांनी. दोनदा बाकाचे पाय कापून घेतल्यानी. सुतार म्हणालो, सायब, ह्याच्यार कोण बसतलो? सायब म्हणाले, एक माणूस बसात."

आईने वेताच्या चौकटीवरून हात फिरवला. मी दशम्यांचा डबा पाण्यातून काढून पुसायला घेतला. तो पुष्कळ वेळ पुसला.

"मृणाल, ते बघ," थोड्या वेळाने आई म्हणाली. काठावर तिवरांच्या पुढे एक माणूस उभा होता. खालून अर्धा काळा, वरून अर्धा गोरा. डोक्यावर काय आहे, ते इतक्या लांबूनही स्वच्छ ओळखू येत होतं. पगडीच होती.

शास्त्रीबुवा पुन्हा चिखलात उतरायला तयार नव्हते. धर्माने त्यांना मिठाच्या एका बैलगाडीत बसवून दिलं आणि तो फळीवरून परत आला. आमचं सोवळं त्या बैलगाडीबरोबर गेलं असावं, कारण भिजल्या दशम्या आईने चौघांनाही सारख्या वाटल्या. खारट लागत होत्या. आई बाकावरच बसून होती. पण तिचं चित्त आता एका जागी राहीना. तिने लवूला एकेक वस्तू विचारायला सुरुवात केली. ही नळी कसली, हे चाक कुणी बसवलं, अण्णांच्या बोटाला लागलं होतं ते इथेच का, आणि 'खोकली' म्हणजे नेमकं काय होतं? लवूने खोकून दाखवलं. आई म्हणाली, "हं. असंच सांगायचे."

उन्हं उतरली तसं पाणी परत आलं. आधी आवाज, मग चमक, मग होडी हळूहळू सरळ झाली. लवूने आग पेटवली आणि काचेच्या नळीकडे बघून डोकं खाजवलं. वाफ सोडून द्यावी लागली होती. बॉयलरमध्ये पाणी पुरेसं नव्हतं. "खारा घालून चलाचा नाय. नळये जातले. तिका गोडा पाणी व्हया."

"कुणाला?" मी विचारलं.

"तिका," लवू बॉयलरकडे बोट करून म्हणाला.

गोडं पाणी होडीत एकाच ठिकाणी होतं. लवूने घागरीकडे पाहिलं नाही. धर्माने पाहिलं नाही. मी आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "घाल. दिवसभर तहानेली असेल बिचारी."

"शिवू घागरीक?"

"शिवल्याशिवाय कशी ओतणार?"

घागर रिकामी झाली. नळीतलं पाणी वर चढलं. अर्ध्या तासाने होडीचं अंग थरथरू लागलं, आणि आम्ही चिखलातून मागे मागे सरकत मोकळ्या पाण्यात आलो. आता पगडीची अट घालणारं कुणी नव्हतं. धर्माने सुकाणू वळवलं आणि होडी पाहिजे तितकी आत घेतली. किनारा लांबला, निळा झाला. कुणी काही ओळखू येण्यासारखं राहिलं नाही. आईचे पाय खाली टेकलेले होते. तो निवांतपणा फार तर पाव तास टिकला असेल, पण होता.

इकडे काय झालं होतं, ते आम्हाला मागाहून कळलं. शास्त्रीबुवा दुपारीच वाडीत पोचले होते, कमरेपर्यंत काळे आणि एकटे. मीराबाईंनी विचारलं, "बाकीच्या कुठे?" लाजेने त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला, "चिखलात." तेवढा मीराबाईंना पुरला. अर्धी वाडी दोन गाड्या करून माझगावला आली. स्वारी सकाळपासून छत्री धरून तिथेच उभी होती आणि आतापर्यंत मुळीच घाबरलेली नव्हती. वाडीने तीन-तीनदा समजूत घातल्यावर घाबरली. आम्ही बंदर दिसण्याइतक्या अंतरावर आलो, तेव्हा मीराबाईंचा स्वर पाण्यावरून ऐकू येत होता. आईविषयी त्या फार चांगलं बोलत होत्या. इतकं चांगलं त्या तिच्या तोंडावर कधीच बोलल्या नव्हत्या.

आईने थोडा वेळ ऐकून घेतलं. मग लवूला विचारलं, "शिटी कुठे आहे रे?"

लवूने साखळी दाखवली. आईने ती दोन्ही हातांनी ओढली आणि सोडलीच नाही. बंदरावरचं रडणं थांबलं, बंदरावरचे कावळे उडाले आणि स्वारीची छत्री समुद्रात पडली.

सोमवारी दौलतशेट आले. होडी पाहून आले होते. सगळं पसंत होतं. ओटीवर पान खाता खाता म्हणाले, "फक्त ते मागचं बाक मोडून टाकणार. कुणाच्याच कामाचं नाही."

आतून आईचा आवाज आला, "मोडू नका. काढा आणि इकडे पाठवा."

बाक आता आमच्या ओटीवर आहे. समाचाराला येणारी माणसं त्यावर बसतात आणि गुडघे हनुवटीला लावून दोन घटका कशीबशी काढतात. त्यामुळे समाचार थोडक्यात आटोपतो, हा एक फायदाच. शास्त्रीबुवा येतात ते उभेच राहतात. आम्हाला प्रायश्चित्त नको, कारण त्यांच्या समक्ष किनारा कधीच दृष्टीआड झाला नाही, असा त्यांचा लेखी निकाल आहे. त्यांच्या माघारी काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. धर्मानेही शब्द पाळला. त्या चिखलाबद्दल मला तेवढं बोलावं लागलं.

संध्याकाळी आई बाकावर बसते आणि तिथूनच मला कामं सांगते. झोपाळा रिकामा असतो. जाता जाता मी त्याला बोट लावते. आई डोळे वटारते.